आजोबांच्या खुर्चीची मखमल

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्या मागची ती खुर्ची अशी का आहे? तिला काय झालंय?" मी म्हटलं, जुनी झालीय. मग शाळेचा विषय निघाला आणि ते तिथेच राहिलं. फोन ठेवल्यावर मी मागे वळून पाहिलं. माझं घर तुम्हाला नेहमी नीटनेटकंच दिसलेलं आहे. त्यात ही एकच वस्तू उघडी, डागाळलेली, ठिकठिकाणी कसरीनं खाल्लेली. प्रश्न पडणारच.

उत्तर मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं, तुम्हाला सोपं जावं म्हणून. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, पुढे तीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे मला ते जड नाही. दोन पानं झाल्यावर वाचून पाहिलं, तर त्यात आजोबा इंग्रजी बोलत होते. ते तसं कधी बोलले नाहीत. पानं फाडून टाकली. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं. सावकाशच वाचा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. मात्र यातलं सगळं त्यालाही माहीत नाही.

हे घर बांधलं तेव्हा तुमचा बाबा चार वर्षांचा होता. कसबा बावड्यात तेव्हा आमच्या घरापुढे ऊसच होता. हंगामात मळीचा वास खिडकीतून आत यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागायचा. आजोबा कारखान्यात पॅनवर होते. म्हणजे उसाचा रस आटवून साखर जिथे बनते, त्या मोठ्या भांड्यापाशी त्यांचं काम. शिजत्या पाकाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून, दाणा धरला की नाही ते सांगायचे. प्रयोगशाळेतली शिकलेली मुलं कागद घेऊन यायची, पण आधी यांच्या अंगठ्याकडे बघायची. त्या अंगठ्याचं कातडं जाड झालं होतं, तरी त्याला सगळं कळायचं. बाजारात तांदूळ असो, डाळ असो, कापड असो, ते अंगठ्यानं चोळून बघत. चारचौघांत मला ती सवय आवडत नसे.

घर होत आलं तसा सोफासेट करायचा ठरला. एक लांब सोफा आणि दोन खुर्च्या. सागवान त्यांच्या शाहूवाडीकडच्या शेताच्या बांधावरचं, सुतारही तिकडचाच. तो आमच्या अर्धवट घरात महिनाभर राहून काम करून गेला. वर काय लावायचं ते मी ठरवलं होतं. तपकिरी रेक्झिन. ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ. आजोबा ते आणायला गेले आणि स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये एक गठ्ठा ठेवून परत आले. सोडून बघते तर गर्द मरून मखमल.

"अहो, हे काय आणलंत? हे लग्नाच्या हॉलमध्ये शोभतं."

"मग? घरात शोभत न्हाय?"

"धूळ बसेल त्याच्यावर."

"बसू दे की. आपणबी बसू."

मग चहा घेताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. लहानपणी वडिलांबरोबर ते तांदळाची पोती पोचवायला कोल्हापुरात एका मोठ्या घरी येत. पोती आत लागेपर्यंत सोप्यात, म्हणजे ओसरीवर, उभं राहायचं. तिथे मखमलीचा कोच होता. एकदा त्यांनी त्याला नुसता हात लावला. घरातल्या बाई ओरडल्या नाहीत. फडकं आणलं आणि हात लागलेली जागा पुसून काढली. हे आजोबांनी मला एकदाच सांगितलं आणि हसत सांगितलं. मीही हसले.

आणि पाचव्या दिवशी मी मखमलीवर कव्हरं घातली.

मधल्या चार दिवसांत वास्तुशांत झाली. घर पाहुण्यांनी भरलं होतं. आला तो मखमलीवर बसला, वाहवा करून गेला. आजोबांची रोज पाळी होती. ते कामावरून येत आणि उभ्या उभ्याच लोकांना पाणी, चहा देत. पाहुणे गेले त्या दिवशी मी मांजरपाट काढला, माहेरहून आलेल्या मशीनवर बसले आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही वस्तूंना कव्हरं झाली. मागे नाड्या, खाली दुमड. मापं वहीत लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा मोजायला नको. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर लिहिलंय: आजोबांची खुर्ची, पाठ सव्वीस, बैठक बावीस, हात नऊ. तेव्हा ते आजोबा नव्हते. तो शब्द मी नंतर, तुमच्यातल्या थोरल्याचा जन्म झाल्यावर दुरुस्त केला.

आमच्या माहेरी चांगली वस्तू म्हणजे झाकलेली वस्तू. काचेची भांडी कपाटात, चांगली चादर ट्रंकेत, रेडिओवर विणलेला रुमाल. मला त्यात गैर काही दिसत नसे. अजूनही फारसं दिसत नाही, हे खरं सांगते. वस्तू टिकते ती जपण्यानंच.

दर दिवाळीला आजोबा म्हणायचे, "काढ की गं ती कव्हरं. दोन दिवस तरी बसू."

"फराळाचे तेलकट हात लागतील."

"हात धुऊन बसतो."

"तुम्ही बसाल हो. बाकीच्यांचं काय?"

बाकीचे म्हणजे त्यांच्या खात्यातली माणसं. पाडव्याला पाच-सहा जण यायचे. त्यांच्यात एक जोडीदार होता, आजोबांच्याच पाळीला असलेला, मोठ्या आवाजाचा. तो दरवर्षी कव्हराचा काठ चिमटीत धरून म्हणायचा, "काय राव, मखमल मखमल म्हणून कारखानाभर सांगत हिंडतासा. आमी बघतोय ते फुलाफुलाचं छिटाचं कापड!"

"आत हाय की मखमल. मालकीणबाईंचा हुकूम न्हाय उघडायचा."

"मग वहिनीसाहेब, आमी मेल्यावर दावणार काय?"

सगळे हसायचे. मी स्वयंपाकघरातून चकल्यांचं ताट आणत हसायचे. खरं तर मला थोडा अभिमानच वाटायचा. कव्हरं दर दोन-तीन वर्षांनी बदलली. मांजरपाट गेला, छीट आलं, मग हातमागाचं जाड कापड, मग जुन्या फुलाफुलांच्या पडद्यांची. प्रत्येक वेळी कव्हर काढून लगेच दुसरं चढवायचं, तेवढ्यापुरती मखमल दिसायची. गर्द, नवी. "बघा, काल आणल्यासारखी आहे," मी म्हणायचे. आजोबा दारात उभे राहून बघायचे.

मग पुराचं वर्ष आलं. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि आम्हाला आठ दिवस नातेवाइकांकडे राहावं लागलं. परत आलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ होती, सोफ्याच्या बैठकीच्या बरोबर वर चार बोटं. सगळीकडे चिखल. मी कव्हरं काढली, धुतली, पुन्हा धुतली. मखमल जंतुनाशकाच्या पाण्यानं पुसून घेतली आणि चार दिवस पंखा लावला. हाताला वरून कोरडी लागली तशी मी कव्हरं खळ देऊन, इस्त्री करून घालायला आणली.

आजोबा म्हणाले, "आगं, आत कापूस हाय, काथ्या हाय. समद्यानं पाणी पिलंय. महिनाभर उघडं ऱ्हाऊ दे. वारं लागू दे त्याला."

"आणि चौकशीला येणारी माणसं कशावर बसणार? या डागांवर?"

"बसतील की. पुराचं घर हाय, समद्यांस्नी ठावं हाय."

मी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी कडक इस्त्रीची कव्हरं चढली. शेजारी आले, शाळेतल्या बाई आल्या. एक जण म्हणाली, "तुमच्या घरात पाणी आलं होतं असं वाटतच नाही हो." ते वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते तुमच्या बाबाला फोनवर दोनदा सांगितलं. त्यानंतर मी कव्हरं धुवायलाही काढेनाशी झाले. वरूनच झटकायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे. कारण मी स्वतःला विचारलं नाही. आता वाटतं, मला आत बघायचं नव्हतं.

हे झालं मागचं. आता गेल्या वर्षीचं सांगते.

तुम्ही जूनमध्ये येणार असं ठरलं होतं. आजोबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टर बाबाशी फोनवर काय बोलले ते मला बाबानं अर्धंच सांगितलं, पण मी इतकी वर्षं मुलांची अर्धी उत्तरं ऐकलेली बाई आहे. आजोबा दिवसभर खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसून असायचे. घर तुमच्यासाठी नवं करावं असं मी एप्रिलमध्ये मनावर घेतलं. हॉल आधी. सोफ्याचे पाय पुरापासून पांढरे पडले होते, ते पॉलिश पेपरनं घासले आणि चॉकलेटी ऑइलपेंट आणला. दोन पाय रंगवले आणि आजोबांना त्या वासानं खोकला सुरू झाला, थांबेचना. डबा बंद करून मागच्या अंगणात ठेवला. उरलेले दोन पाय आजही पांढरे आहेत. तुम्ही मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत.

मग कव्हरांकडे वळले. आजोबा दुपारचे आत झोपले होते. त्यांच्या खुर्चीच्या मागच्या नाड्या सोडल्या आणि कव्हर वर ओढलं, तर ते येईना. आतून चिकटलं होतं. जोर लावला तसं सुटलं आणि ओल्या गोणपाटासारखा वास आला.

बैठक काळी पडली होती. त्यावर राखाडी बुरशी, वाळलेली. पाठीच्या खालच्या भागात लव उरलीच नव्हती, नुसतं जाळीसारखं कापड. कसर इकडून तिकडे पळाली. मी तिथेच खाली बसले. पुराच्या वर्षी मी जे इस्त्री करून झाकलं, ते आतल्या आत कुजत राहिलं होतं.

"काय गं," आतून आवाज आला, "काढलीस काय कव्हरं?"

मी कव्हर घाईनं खाली ओढलं. ते भिंतीला धरत धरत बाहेर आले.

"धुवायला काढत होते," मी म्हटलं.

"मग काढतीसच हायस तर ऱ्हाऊ दे की उघडी. मी बसतो. किती दिवस ऱ्हायलेत आता?"

असं ते पहिल्यांदाच बोलले होते. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, अहो, मखमल गेली, माझ्या हातानं गेली, तुम्ही सांगत होतात. एवढंच. पण मी म्हटलं, "मुलं येऊ देत. मुलं आली की काढू."

"नक्की?"

"नक्की."

ते कव्हरावर बसले, अगदी खूश होऊन. तुम्हाला आठवत असेल, त्या आठवड्यात फोनवर त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, "या लौकर. तुमास्नी राजाच्या खुर्चीत बसवतो." तुम्ही दोघं हसला होतात. ते या खुर्चीबद्दल होतं.

मे महिन्यात तुमचं येणं रहित झालं. त्यात तुमचा दोष नाही, बाबाचाही नाही. रजा मिळाली नाही, एवढंच. त्या दिवशी आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मग आता कुणासाठी थांबायचं? काढ ते कव्हर."

"दोन-चार दिवस थांबा. लाकडाला पॉलिश करायचं राहिलंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीच्या मागच्या बाजूला, वर, जिथे मखमल शाबूत होती तिथून बोटभर तुकडा कापला आणि महाद्वार रोडवर गेले. तिसऱ्या दुकानात एका पोरगेल्या दुकानदारानं तो उजेडात धरला.

"आजी, ही कुठल्या राजवाड्यातली काढून आणलीसा?"

"माझ्या घरातली आहे. अशीच हवी."

"अशी आता मिळत न्हाय वो. ही सुताची. आता समदं नायलॉन. ह्यो बघा मरून, पण जरा चमक मारतंय."

"लांबून सारखं दिसेल का?"

"लांबून? लांबून समद्या नवऱ्या पोरीबी सारख्याच दिसत्यात. हात लावून बघणार असतील तर मग नगा घेऊ."

मी घेतलं.

माझा बेत असा होता. सगळा सोफासेट नाही, फक्त त्यांच्या एका खुर्चीला नव्या मखमलीचं कव्हर शिवायचं. इतकं घट्ट, की कव्हर वाटूच नये. नाड्या नकोत, खालून हातशिलाई. मग वरचं जुनं कव्हर काढायचं आणि म्हणायचं, घ्या, उघडली. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं केलेलं आहे. तरी मी मापांची वही काढली.

वहीतली मापं चालेनात, कारण गादी फुगून वाकडी झाली होती. पुन्हा मोजायला हवं होतं आणि आजोबांना उठून फार वेळ उभं राहता येत नव्हतं. म्हणून ते बसलेले असतानाच मी टेप घेऊन खुर्चीभोवती फिरले. त्यांच्या पाठीमागून टेप घातला, कोपराखालून घातला.

"माझंबी कव्हर शिवतीस काय?" ते म्हणाले.

"गप्प बसा. हलू नका."

"नाड्या मातर मागं नगं लावूस. माझा हात पोचायचा न्हाय."

मी हसले नाही म्हणून ते स्वतःच हसले आणि मग खोकले.

गुरुवारी ते अंघोळीला गेले तेव्हा मी नवं कव्हर चढवलं, खालून भराभर धावदोरा घातला. वर आधीचं फुलांचं कव्हर टाकून ठेवलं. ते आले, मी त्यांना दारात थांबवलं आणि फुलांचं कव्हर त्यांच्यासमोर ओढून काढलं.

"घ्या," मी म्हटलं. "बसा."

ते जवळ आले. आधी बसले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांनी पंजा ठेवला, पुढे फिरवला, मागे फिरवला. मग अंगठा टेकवला आणि चोळला. एकदा. पुन्हा एकदा. मी दारापाशी उभी होते. पॅनवर पाकाचा थेंब चोळताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी एकदा कारखान्यात पाहिलं होतं. ऐकत असल्यासारखा. तसाच झाला.

"नवीकोरी वाटतीया," ते म्हणाले.

"जपली ना."

"व्हय." ते बसले. "जपलीस."

मी चहा करायला आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा ते पाठ न टेकता बसले होते, परक्याच्या घरी बसावं तसे. कप त्यांनी खुर्चीपासून लांब, बाहेरच्या बाजूला धरला. एरवी ते कप सरळ खुर्चीच्या हातावर ठेवायचे, त्यावरून आमची रोज बोलाचाली व्हायची. चहा संपला तसे ते उठायला लागले. मी हात दिला.

"घाल ते कव्हर परत," ते म्हणाले.

"का? आत्ता तर काढलं."

"डाग पडंल. पोरास्नी ऱ्हाऊ दे."

मी फुलांचं कव्हर पुन्हा घातलं. नाड्या बांधल्या. ते त्यावर बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. मखमलीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर ते पाच आठवडे होते.

आषाढात, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, एका सकाळी दवाखान्यातून त्यांना घरी आणलं. असं माणूस घरी येतं तेव्हा हॉल मोकळा करतात, सगळे जमिनीवर बसतात, हे तुम्ही पाहिलेलं नाही. चार माणसांनी सोफा आणि खुर्च्या उचलून बाहेर पत्र्याखाली नेल्या. बाबा तेव्हा विमानात होता. मी आत होते, पण दार उघडं होतं आणि मला बाहेरचं ऐकू येत होतं.

शेजारच्या काकू, ज्या मला रोज दूध देतात, त्या म्हणाल्या, "आरं, कव्हरं काढा आधी. चांगली हायत, पावसानं खराब हुतील. बाईस्नी खपायचं न्हाय." माझ्याच घरात, त्या दिवशी, त्यांनी माझी शिस्त पाळली. कव्हरं वाचवली. आजोबांच्या खुर्चीचं फुलांचं कव्हर काढलं, आणि उचलताना कुणाच्या तरी बोटांत खालचा धावदोरा आला असावा.

"ह्येच्या आत आणिक एक हाय की!" काकू म्हणाल्या. तेही निघालं. मग काकूंचाच आवाज, त्यांच्या मानानं हळू, "आई गं. आत समदं कुजलंय की."

माणसं येत राहिली. म्हाताऱ्यांना खाली बसवेना, ते बाहेर पत्र्याखाली त्या खुर्च्यांवर बसले, छत्र्या टेकवून, ओल्या चपलांसकट. आजोबांचा तो जोडीदार आला. आता काठी घेऊन चालतो. मी दारात आले होते. तो खुर्चीपाशी थांबला, काठी दुसऱ्या हातात घेतली.

"वहिनीसाहेब, हीच व्हय ती मखमल?"

मी नुसती मान हलवली.

"लई सांगायचा," तो म्हणाला. मग बसला. खुर्चीच्या हातावर पंजा ठेवला आणि तसाच फिरवत राहिला, पुढे आणि मागे. "मऊ हाय की अजून," तो म्हणाला, मला नाही, स्वतःलाच.

मला वाटलं, माझ्यासाठी बोलतोय. अशा वेळी माणसं काहीही चांगलं बोलतात.

सुतकाचे दिवस संपले, बाबा परत गेला. जाताना म्हणाला, "आई, हे सगळं टाकून दे, नवीन घे." दुसऱ्या दिवशी मी खुर्ची आत ओढून आणली. निदान झटकावी म्हणून फडकं घेतलं आणि पहिल्यांदा तिच्या हातावर हात ठेवला. एप्रिलपासून मी ती खुर्ची पाहिली होती, मोजली होती, कापली होती. उघड्या हातानं तिला चाचपून कधी बघितलं नव्हतं. भिंतीवरची पुराची रेघ बैठकीच्या वर चार बोटं होती. खुर्चीचे हात त्याहून उंच आहेत. तिथपर्यंत पाणी चढलंच नव्हतं. तिथे डाग आहेत, रंग उडालाय, कडेला कसरीनं खाल्लंय, पण जिथे बसलेल्या माणसाचा पंजा टेकतो तिथे लव शाबूत आहे. पुढे हात फिरवला की गडद होते, मागे फिरवला की फिकी. सुताची, जुनी, मऊ.

त्यांना मखमलीवर बसायचं होतं. चांगल्या मखमलीवर बसायचंय असं ते कधीच म्हणाले नव्हते. एप्रिलच्या त्या दुपारी मी कव्हर खाली ओढलं नसतं, तर ते "कुजली वाटतं" म्हणाले असते, वर जाडसर चादर टाकून बसले असते, आणि त्यांचा हात नेमका इथे आला असता.

त्या गुरुवारी त्यांना कळलं होतं का, हे मी रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं, थकलेलं माणूस, नसेल कळलं. खरंच तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितलं असेल. मग तो अंगठा आठवतो. उभ्या जन्मात तो चुकलेला मी पाहिला नाही. आणि "जपलीस" म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. यापेक्षा जास्त मला माहीत नाही, आणि आता ते कळायचा मार्ग नाही.

नायलॉनचं कव्हर काकूंना देऊन टाकलं. त्यांनी त्यातून मिक्सरला टोपी शिवली आहे. सोफ्याला आणि दुसऱ्या खुर्चीला मी नवी कव्हरं घातली, कारण त्यांच्याकडे बघवत नाही आणि माणसं येतात. आजोबांच्या खुर्चीचं मात्र माप मी वहीतून खोडलं. बुरशी ब्रशनं काढली, गादी आठ दिवस उन्हात ठेवली. ते पुराच्या वर्षी करायचं होतं. बाकी ती आहे तशी आहे. येणारे तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि सोफ्यावर बसतात. मी स्वतः तिच्यावर अजून बसलेले नाही. केर काढताना तिच्या हातावर हात ठेवते, एवढंच.

म्हणून ती खुर्ची तशी आहे, धाकटे.

तुम्ही याल तेव्हा आळीपाळीनं तिच्यावर बसा. नीट टेकून बसा, कप तिच्या हातावर ठेवा. कपड्यांना तांबूस भुगा लागेल, तो झटकला की जातो. तुमचे हात कसेही असू देत. मी फडकं घेऊन येणार नाही.